कातानिया विमानतळावरची निळी गाडी

गाडी चोरीला गेली होती, आणि भाड्याने घेऊन तासही उलटला नव्हता.

कातानियाच्या विमानतळावर गाड्या भाड्याने देणारा साल्वो घामाघूम होऊन दारात उभा होता. रोझाल्बा कुर्रो दिसताच त्याच्या जिवात जीव आला. अशा चोऱ्यांचा छडा लावणं हा तिचा खासगी धंदाच होता. मागून तिचा नवरा नुंत्सिओ आला, पिस्त्याचा बन खात.

"फाटकातून गेलेली नाही," साल्वो म्हणाला. "कॅमेरा आहे तिथे. पण जागेवरही नाही. आवारात निम्म्या गाड्या निळ्याच. शोधू कुठे?"

"आधी माणसं बघू," रोझाल्बा म्हणाली.

बाकावर डेन्मार्कचं एक वयस्क जोडपं बसलं होतं. होल्गेर उंचपुरे; अख्ख्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. बिर्थे त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. नुंत्सिओने हात पुढे केला, तो तसाच हवेत राहिला. बिर्थेंनी कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे होल्गेरनी हात हातात घेतला.

"भलताच ताठा आहे," नुंत्सिओ बायकोच्या कानाशी पुटपुटला.

"सामान डिकीत टाकलं," होल्गेर सांगू लागले. "म्हटलं, कॉफी घेऊ आणि निघू. कोट खुर्चीवर ठेवला, किल्ली त्याच्या खिशात. तोंड धुऊन आलो तर किल्ली नाही, आणि इथे येतो तर गाडीही नाही."

"गाडी चालवून बघितली होतीत?"

"कुठली! आत बसलोसुद्धा नव्हतो."

"आणि बाई, तुम्ही?"

"शाल काउंटरवर राहिली होती, ती आणायला गेले होते."

"चालवता का तुम्ही?"

बिर्थे हसल्या. "लग्नानंतर यांनी शिकवायला घेतलं. पहिल्याच वळणावर भांडण झालं आणि मी उतरून चालत घरी गेले. गाडीतलं मला ओ का ठो कळत नाही."

"माझी एकमेव नापास विद्यार्थिनी," होल्गेर म्हणाले आणि त्यांनी बायकोचा हात थोपटला.

एवढ्यात काउंटरवरची एन्झा बाहेर आली. "मी जागची हलले नाही, मावशी. आणि मला स्कूटरपलीकडे काही येत नाही." जाता जाता तिने बिर्थेंच्या मांडीवर शाल ठेवली. "ही तुमची राहिली होती."

मग आला तुरी, गाड्या धुणारा. दारातून वाकून यावं लागेल असा धिप्पाड.

"गाडी मी भिंतीकडे तोंड करून लावली होती," तो म्हणाला. "मग तिकडे फिरकलो नाही."

"खोटं! दुसरी किल्ली तुझ्याकडेच असते!" साल्वो कडाडला. "उद्यापासून येऊ नकोस."

तुरीचा चेहरा उतरला. बिर्थे चटकन उठल्या. "त्यांना कशाला बोलता? चोर कोणी बाहेरचा असेल. बराच वेळ झटलाही असेल बिचारा. गिअरच्या दांड्याखालची ती कडी वर ओढल्याशिवाय रिव्हर्स पडतच नाही."

रोझाल्बाने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ती नवऱ्याला घेऊन आवारात गेली.

गाडी सापडली ती पार मागच्या रांगेत, कण्हेरीच्या झुडपांआड. दोन गाड्यांच्या मधोमध, रेषेला रेष लावून उभी. सपाट जमीन असूनही हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, चाकं कठड्याकडे वळवलेली.

"बस बघू आत," रोझाल्बा म्हणाली.

नुंत्सिओचं पोट स्टिअरिंगला अडलं. "सीट किती पुढे आहे ही!"

"पोट पुढे आहे ते वेगळंच. चल."

परत आल्यावर तिने साल्वोला आणि तुरीला कॉफी प्यायला पिटाळलं. मग ती बाकावर बिर्थेंशेजारी बसली.

"तुरीचे त्या सीटवर गुडघेही मावले नसते. शिवाय तो गाड्या कशाही तिरक्या घुसवतो. मी वर्षानुवर्षं बघतेय. ही लावली ती नुकतंच शिकलेल्या माणसाने, शिकवलेलं सगळं जसंच्या तसं करून. तुम्ही शाल आणायला गेलात, पण शाल एन्झाने आणून दिली. आणि यांनी जी गाडी चालवलीच नाही, तिचा रिव्हर्स कसा पडतो ते तुम्हाला ठाऊक. तुरीवर आळ येताना तुम्हाला राहवलं नाही, म्हणून ते तोंडातून निघालं."

बिर्थेंनी मान खाली घातली. पर्समधून नवंकोरं लायसन्स काढून त्यांनी मांडीवर ठेवलं.

"पण का?" नुंत्सिओला अजून उलगडा होईना.

"तुझा हात यांना दिसलाच नव्हता," रोझाल्बा हळूच म्हणाली. "तू त्याला ताठा म्हणालास."

"गेल्या हिवाळ्यापासून बाजूचं दिसत नाही यांना," बिर्थे म्हणाल्या. "विचारलं की विषय बदलतात. जन्मभर गाडी हाच यांचा मान. चालवू नका, असं कोणत्या तोंडाने सांगू? यांच्याच जुन्या विद्यार्थ्याकडे चोरून शिकले. गाडी दिसली नाही तर म्हणतील, चल, आगगाडीने जाऊ. एवढंच मनात होतं."

होल्गेरनी चाचपडत बायकोचा हात शोधला.

"बिर्थे, विमानातून उतरल्यापासून मी एकच मागत होतो. ही गाडी कोणीतरी चोरून न्यावी."

बिर्थे रडू लागल्या. की हसू, नुंत्सिओला कळेना. त्याने आपले डोळे पुसून घेतले.

साल्वोने तुरीची माफी मागितली, रोझाल्बा समोर उभी होती म्हणून जरा नीटच. एन्झाने चालक म्हणून बिर्थेंचं नाव घातलं. तुरीने गाडी दाराशी आणून दिली.

फाटकापाशी गाडी आचका देऊन बंद पडली. मागच्या टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला. होल्गेरचं तोंड उघडलं.

मग मिटलं.

बिर्थेंनी पुन्हा किल्ली फिरवली.