उंबरठ्यावरचा पेला

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलं आहे. ज्याच्या घरात घडलं तो सूर्यभान तायडे माझा सख्खा साडू. साडूची भीती कोणी उगाच वाढवून सांगत नाही. झालीच तर माणूस त्याची मजाच घेतो. मीही घेतली असती.

गाव बार्शीटाकळीच्या पुढचं. नाव सांगत नाही, तिथली ख्रिस्ती मंडळी लहान आहे, लगेच ओळखू येईल.

रात्र नव्हती. मागच्या नोव्हेंबरातला रविवार. लख्ख ऊन. चर्चच्या दाराला झेंडूची तोरणं.

मेथोडिस्ट चर्चला शंभर वर्षं झाली होती. इतिहास सूर्यभाननेच लिहिला, वाचणारही तोच. त्या इतिहासात त्याचे आजोबा देवराव इतके ऐसपैस बसले होते, की बाकीच्यांना उभं राहायलाही जागा नव्हती.

घरी वडील उत्तमराव अंथरुणाला खिळलेले. जीव एकाच गोष्टीत अडकला होता... शताब्दीच्या प्रभुभोजनात, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीत. उपासना झाल्यावर चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन त्यांना पेला देणार होते.

सूर्यभान कोट चढवत होता. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं.

“बाबू, पंचफुलाबाईचं नाव घेजो.”

“कोन पंचफुलाबाई?”

“सोंग नको करू. माईत हाये तुले.”

माहीत होतंच. गावातला पहिला बाप्तिस्मा पंचफुलाबाईचा. पहिली उपासना तिच्याच अंगणात. पण पुढारपण देवरावाला हवं होतं. पटकीच्या साथीत त्याने मंडळीच्या पंचांपुढे साक्ष दिली, की बाईने मरीमाय देवीला नारळ फोडला. साक्ष धादांत खोटी. पंचांनी बाईचं प्रभुभोजन बंद केलं.

“मरताना तिनं घोटभर मांगतला,” उत्तमराव म्हणाले. “माह्या बापानं उंबरठ्यापर्यंत पेला नेला... अन् तिच्या डोयादेखत पालथा केला. मी लहान होतो, पायलं मी. थे बाई म्हने, तुह्या घरातल्यालेई असाच भेटन.”

“बाबा, आज सनाचा दिवस. आज काहून हे उकरून राहिले?”

“नाव घे. नाई तं मले पेला भेटत नाई.”

सूर्यभानने नाव घेतलं नाही.

इतिहास वाचला. टाळ्या झाल्या. मग प्रभुभोजन.

काचेचे लहान लहान पेले. त्यात मनुके उकळून केलेला रस. सूर्यभानच्या बायकोने, प्रियदर्शनीने, पहाटे उठून केलेला. साऱ्यांनी घेतला. सूर्यभान शेवटी गुडघे टेकून बसला. पाळकसाहेबांनी ताट पुढे केलं.

एकच पेला उरला होता.

पालथा...

आणि आत रस तसाच. थेंबही खाली आलेला नाही.

सूर्यभानने बोट लावलं. भळकन सारा रस पांढऱ्या शर्टावर.

“म्या सारे सुलटे ठेवले होते वो,” प्रियदर्शनी कुजबुजली.

सूर्यभानला म्हातारा आठवला. तो तसाच घराकडे पळाला. मागून प्रियदर्शनी आणि पाळकसाहेब, साहेबांच्या हातात रसाची बाटली.

उत्तमरावांना धाप लागली होती. डोळे दाराकडे.

प्रियदर्शनीने पेला भरून दिला. पाळकसाहेब उंबरठ्यावर आले...

त्यांचं मनगट हळूच वळलं. पेला पालथा.

“माझा हात... मी नाही...” साहेब पुटपुटले.

दुसरा भरला. तसंच.

म्हातारा सारं पाहत होता. ओठ उघडे, जीभ कोरडी. लहानपणी जे दारातून पाहिलं, तेच आता अंथरुणातून.

“घेतो नाव!” सूर्यभान ओरडला. “पंचफुलाबाई! चर्च तिचं हाये! माह्या आजानं खोटं सांगतलं!”

घरात एकदम गार झालं.

पुढचा पेला उंबरठा ओलांडून आला. सरळ. काठोकाठ. म्हाताऱ्याच्या ओठांपर्यंत.

पण ओठ थंड पडले होते.

सूर्यभानने मग चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवली. वरती पंचफुलाबाई, खाली देवराव. आता फिटलं, असं त्याने धरलं. माणूस तसा व्यवहारी आहे. समोरच्या पार्टीला विचारायचं राहिलं.

परवा मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. येत्या ईस्टरला पोरीचं, मायाचं, पहिलं प्रभुभोजन. प्रियदर्शनी तिला पेला कसा धरायचा ते शिकवत होती. नुसत्या पाण्याने.

“नीट धर वं.”

“धरला ना.”

माया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मनगट वळायला लागलं... हळूहळू.

“बाबा... हे मी नाई करून राहिली.”

पेला पालथा झाला.

पाणी पडलं नाही.

आम्ही चौघं मायाच्या हातातल्या त्या पेल्याकडे पाहत राहिलो. आम्हा तिघांपैकी कोणी पुढे होऊन हात लावला नाही.

ईस्टर जवळ आला आहे. सूर्यभान रोज फोन करतो, काय करू विचारतो. आणि हल्ली मी कुठलाही पेला दोन्ही हातांनी धरतो.