खिळा तिचा, फळी त्याची

या मायबाप, असे थोडे पुढे सरकून बसा. आज एक गोष्ट सांगते. ती कुणा साधुसंताची नाही, जोडे करणाऱ्या एका मुलीची आणि एका सुताराची आहे. पण देव कुठल्या फटीतून आत येतो ते आपल्याला थोडंच ठाऊक असतं... म्हणून कान उघडे ठेवा. ही गोष्ट बघायची कमी आणि ऐकायची जास्त आहे.

आमच्या त्रियानात, म्हणजे सेविया शहराच्या नदीअलीकडच्या वस्तीत, सेतेफीयाचं दुकान. तिथे नाचाचे जोडे होतात. टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे असे दाट ठोकायचे, की बाई नाचायला उभी राहिली म्हणजे तिच्या पायांनीच बोलायला लागावं. वडिलांची नजर अधू झाली तेव्हापासून हातोडी सेतेफीयाच्या हातात आली. जोड्याच्या तळव्यावरचा ठसा मात्र अजून वडिलांच्याच नावाचा, क्रिसांतो.

चौकात एक नाचघर आहे. लोक तिथे जेवता-पिता नाचगाणं बघतात. त्याचा लाकडी मंच बांधला होता नदीपलीकडच्या एका सुतारानं. या सुताराचं आणि सेतेफीयाचं दोन वर्षं भांडण चाललं होतं, आणि गंमत अशी, की दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. निरोप पोचवायची आंगुस्तियास, नाचघरातली थोरली नर्तकी.

"सुतार म्हणतो, हे जोडे करणारा आधी घोड्यांना नाल ठोकत असणार. फळ्यांची चाळण केलीय म्हणे."

"त्याला सांग मावशी," सेतेफीया तोंडातले खिळे न काढताच म्हणायची, "शवपेट्या करणाऱ्यानं मंच बांधायला घेऊ नये."

पण गेल्या महिन्यात आंगुस्तियास नाचता नाचता दोनदा अडखळली, आणि थट्टा संपली. मालकानं दोन्हीकडे एकच निरोप धाडला. दोष खिळ्यांचा की फळ्यांचा, ते ईस्टरच्या आत कळलं पाहिजे. ज्याचा दोष, त्याचं काम बंद. नाचघरातल्या सहाही जणी क्रिसांतोचे जोडे घालत. त्या गेल्या तर दुकानाला कुलूप, आणि वडिलांना ते सांगायचं कुणी?

म्हणून ईस्टरआधीच्या उपासाच्या त्या चौथ्या रविवारी सेतेफीयानं संध्याकाळच्या पहिल्या खेळाचं तिकीट काढलं. आईचे लाल डूल घातले. पर्समध्ये रुमाल, कंगवा... आणि लहान हातोडी. सवयच ती. सुताराची चूक स्वतःच्या कानांनी पकडायची, असं ठरवूनच ती निघाली. रस्त्यात संत्र्याच्या झाडांना नुकता बहर आला होता, आणि त्या वासानं तिला उगाचच हसू येत होतं.

"एकट्या माणसाला आज वेगळं टेबल नाही बाईसाहेब," वाढपी म्हणाला. "स्वयंपाकघराच्या दाराशी दोघांचं आहे. तिथे एकजण बसलेत. चावत नाहीत."

बसला होता तो तिशीचा, रुंद मनगटांचा, आणि इस्त्रीचा सदरा अंगाला टोचत असल्यासारखा अवघडलेला. तिला बघून उठला.

"तुम्ही या खुर्चीवर बसा. इथून सगळं दिसतं."

"नको. मला तुमचीच खुर्ची चालेल."

"इथून काही दिसत नाही हो. खांब आड येतो. नर्तकीचे नुसते पाय दिसतात."

"मला पायच बघायचेत."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "...मलाही."

आता आली का पंचाईत. साऱ्या सेवियात ती खुर्ची कुणालाच नको असते, आणि इथे दोघं तिच्यासाठी अडून उभे. शेवटी वाढप्यानंच दुसरी खुर्ची ओढून पहिलीला चिकटवली. "घ्या. खांद्याला खांदा लावून बसा आणि चार डोळ्यांनी पायच बघा."

तर ते तसे बसले. पालक-हरभऱ्याच्या बशा आल्या, कुरकुरीत तळलेला कॉड मासा आला, बर्फात गार केलेली पांढरी वाइन आली. खांद्याला खांदा लागत होता आणि दोघंही तो लागत नसल्यासारखं जेवत होते.

गिटार सुरू झालं. म्हातारे नासारियोकाका हातावर हात आपटत गाऊ लागले, आणि हिरव्या झालरीची आंगुस्तियास मंचावर आली. सगळं नाचघर तिच्या हातांकडे बघत होतं. हे दोघं मात्र माना तिरक्या करून, डोळे अर्धे मिटून बसले होते.

"तिसऱ्या फळीवर लक्ष ठेवा," तो कुजबुजला. "उजवीकडून तिसरी. गिरकी घेऊन ती तिथेच उतरते."

सेतेफीयाचा घास हातातच राहिला. फळ्या मोजून कोण नाच बघतं? तिनं हळूच त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला वार्निशची पिवळी रेघ.

बरं... म्हणजे हा तो. शवपेटीवाला.

तिला खरं तर संताप यायला हवा होता. आला तो खोडकरपणा.

"तुम्हाला बरीच माहिती," ती गोड आवाजात म्हणाली. "हे जोडे कोण करतं हो?"

"एक म्हातारा आहे. क्रिसांतो. हात थरथरतात, चष्मा दोरीनं बांधलेला. लाकडाशी वैर आहे त्याचं."

"अरेरे. आणि मंच कुणी बांधला?"

"तो... एक सुतार आहे. लेआंद्रो." त्यानं पेला उचलला. "देखणा आहे म्हणतात."

"मी तर ऐकलं, बहिरा आहे."

त्याला ठसका लागला. तिनं पाण्याचा पेला पुढे केला, अगदी काळजीनं.

"तुमच्या तोंडून एकदाही 'ओऽले' आलं नाही," ती म्हणाली. आजूबाजूला लोक दाद देत होते, प्रत्येक वळणाला ओऽले, ओऽले. "त्या पलीकडच्या टेबलावरच्या मावश्या बघा, घसा बसला त्यांचा."

"मी उगाच म्हणत नाही. आतून आलं तरच. माझ्या आजोबांनी जन्मात तीनदा म्हटलं. त्यातलं एक आजीला."

"आणि तुम्ही?"

"अजून एकदाही नाही."

ती पावाचा तुकडा मोडत राहिली. मग तोच हलक्या आवाजात बोलला, वाइननं थोडा सैल होऊन. "खरं सांगू? ती तिसरी फळी हिवाळ्यात नदीची ओल पिऊन जराशी उचललीय. केसभर. मला माहीत आहे, मालकाला सांगितलं नाही अजून. सांगायला हवं ना?"

झालं. ज्यासाठी ती आली होती, ते त्यानं स्वतःच तिच्या ताटात वाढलं. आता नाच संपला की उठायचं, मालकाच्या कानात दोन शब्द घालायचे... आणि दुकान वाचलं.

तेवढ्यात तिच्या कानांनी ते पकडलं. पायांच्या सगळ्या कडकडाटात एक बारीक, कोरडी टिक. पुन्हा टिक. डाव्या जोड्याच्या चवड्यातून. तिचा चेहरा उतरला. खिळे वर आले होते. खिळे तिचे होते.

फळी केसभर वर आणि खिळे केसभर बाहेर. पुढच्या नाचात दोघांची गाठ पडली, तर आंगुस्तियास या वेळी नुसती अडखळणार नाही, पडेल.

टाळ्यांत नाच संपला. दोघं एकाच क्षणी उठले.

"तुम्ही कुठे?" तो म्हणाला.

"तुम्ही कुठे?" ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात शिरलीसुद्धा.

स्वयंपाकघरापलीकडे, मंचाच्या पडद्यामागे आंगुस्तियास घाम पुसत होती. "सेते? तू इथे? आणि तुझ्याबरोबर हा सुतार? अगंबाई... भांडण मिटलं का?"

"डावा जोडा काढ मावशी. लवकर."

लेआंद्रो दारातच खिळला होता. "तुम्ही... क्रिसांतो?"

"चष्मा घरी विसरले. स्वयंपाकघरातून पितळी खलबत्ता आणा. पळा."

तो पळाला आणि घेऊन आला. तिनं खल उपडा घातला, त्यानं त्यावर बत्ता उभा धरला, बत्त्यावर जोडा पालथा घातला. चवड्याशी चार खिळे डोकं वर काढून बसले होते. बाहेर गिटारवाल्यानं एका हलक्याफुलक्या गाण्याची सुरावट धरली होती. काकांचं एवढं एक गाणं झालं की आंगुस्तियासची पाळी. थांबायला वेळच नव्हता. सेतेफीयानं हातोडी उचलली आणि मारली.

ठण्ण.

पितळ देवळाच्या घंटेसारखं वाजलं. बाहेर सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. गिटार चाचरलं. आणखी तीन खिळे बाकी होते आणि प्रत्येक घाव असाच गाजणार होता. मालक टेबलांमधून येताना फटीतून दिसला...

आणि मग नासारियोकाकांनी हात वर केला. गिटारवाल्याला गप्प केलं. डोळे मिटले, आणि त्यांनी मार्तिनेते धरलं. भट्टीवरचं जुनं गाणं आहे ते, आमच्या लोहारांचं. त्याला गिटार लागत नाही. त्याला फक्त हातोडीचा घाव लागतो.

*भट्टी माझी थंड पडली,*
*राख झाली माझ्या दारी...*

काका थांबले. वाट बघत राहिले. कुणाची, ते पडद्यामागे बरोब्बर कळलं.

"ते तुलाच बोलावताहेत," लेआंद्रो म्हणाला.

"बोट बाजूला घे तुझं."

"नाही घेत. जोडा हलेल. तू मार."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचं बोट खिळ्यापासून गव्हाच्या दाण्याएवढं लांब होतं, आणि त्याची नजर हातोडीवर नव्हतीच. तिच्यावर होती.

ठण्ण. बाहेर काकांनी तो घाव अलगद झेलला आणि पुढे नेला. चाल सरळ नाही हो त्या गाण्याची. दोन पावलं चटकन, एक रेंगाळत, जसा माणूस दुःखात चालतो. पण सेतेफीया लोहारांच्या भट्ट्यांच्या गल्लीतच लहानाची मोठी झालेली. तिसरा खिळा तिनं रेंगाळत्या पावलावर बसवला. नाचघरात एकाही पेल्याचा आवाज नाही.

*एक घाव तू घाल, पोरी,*
*राखेत असेल ठिणगी तरी...*

काकांचा आवाज वर गेला, फाटला, आणि फाटलेल्याच जागी टेकला. तिथेच तिनं चौथा घाव घातला.

आणि तिच्या कानाशी, अगदी हळू, कुणीतरी म्हणालं, "ओऽले."

बाहेर नाचघर उसळलं होतं. तिला मात्र तेवढाच एक शब्द ऐकू आला.

"फळी," तीच आधी भानावर आली. "तुझी फळी राहिली."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. आरशाशेजारच्या कोनाड्यात देवमातेच्या मूर्तीपुढे मेणबत्तीचा तुकडा होता. त्यानं टोपी नसतानाही ती काढल्यासारखा कपाळाला हात लावला, "माउली, उसना नेतो," म्हणाला, आणि टाळ्या चालू असतानाच मंचावर गेला. काकांची खुर्ची हलवायचं निमित्त करून वाकला आणि तिसऱ्या फळीच्या सांध्यात अंगठ्यानं मेण भरून आला.

मग आंगुस्तियास नाचली. ते काय सांगू तुम्हाला. साठीला टेकलेली बाई, पण त्या दिवशी तिच्या पायांत पावसाची सर होती. तिसऱ्या फळीवर ती सात वेळा उतरली. दोघांनी सातही वेळा मोजलं, आणि सातव्याला कळलं की आपण केव्हाचा एकमेकांचा हात धरलाय.

खेळ संपल्यावर मालक आलाच. "तो ठोकाठोकीचा आवाज काय होता?"

"खिळा माझा," सेतेफीया म्हणाली.

"फळी माझी," लेआंद्रो म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. मालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून नासारियोकाका आले, हातातली मधात भिजवलेली पावाची वडी खात.

"कसला खिळा आणि कसली फळी," ते म्हणाले. "ठोका मीच मागितला होता. चाळीस वर्षं झाली, कुणी धड ठोका देत नव्हतं. ही पोरगी देते."

"काका, तुमच्या गाण्यांत ते गाणं नव्हतं आज."

"आता आहे. लोक उभे राहिले, बघितलं नाहीस? दर रविवारी पाहिजे मला. ती हातोडी, तो बत्ता, आणि तो बत्ता धरणारासुद्धा. दुसरा धरणारा चालायचा नाही."

मालकानं काकांकडे पाहिलं, मग त्या दोघांच्या हातांकडे. "उद्या फळी रंधून द्यायची. आणि सहाही जोडे तपासून," एवढंच म्हणाला आणि हिशोबाच्या मेजाकडे वळला, पण आठ्या गेल्या होत्या.

बाहेर अजून उजेड रेंगाळत होता. संत्र्याच्या फुलांचा सडा पडला होता. दोघं चालत पुलापर्यंत आले.

"काका छान गायले," ती म्हणाली, "दाद देण्यासारखंच."

"गायले."

"म्हणजे तुझं ते पहिलं 'ओऽले' काकांना..."

"नाही."

"मग?"

तो कठड्याला टेकला. खाली नदी, वर पहिली चांदणी. "मी सांगितलं ना... आजोबांनी एक आजीला म्हटलं होतं."

सेतेफीयानं डूल नीट केला, जरी तो नीटच होता. "नाल ठोकणारा म्हणाला होतास मला."

"शवपेटीवाला म्हणाली होतीस तू."

"बहिरासुद्धा."

"ते मी ऐकलं नाही," तो म्हणाला. आणि ती इतकी हसली, की पुलावरून जाणारं एक म्हातारं जोडपं थांबून त्यांच्याकडे बघून हसलं.

पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं. आता दुकानात खिळे आणि फळ्या शेजारी शेजारी असतात. क्रिसांतोबाबा दारात बसून दोघांची भांडणं ऐकतात आणि सुनावतात, तालात भांडा रे.

नासारियोकाका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या रविवारी अजूनही पडद्यामागे पितळ वाजतं.

तर मायबाप, गोष्ट संपली. एवढंच मागते, उद्या सकाळी कुठे हातोडीचा ठोका कानावर आला, तर क्षणभर त्या म्हाताऱ्या गवयाला आठवा. मंचावर बसल्या बसल्या दोघांची चूक त्याला कळली होती. बोट दाखवण्याऐवजी त्यानं त्या चुकीवर आपलं गाणं पांघरलं.