सेना, फँजिओ आणि राजीनामा

नाक्यावर बस थांबली आणि आम्हा सगळ्यांना खाली उतरवून रांगेत उभं केलं. १९९१ सालच्या चंडीगडात, अतिरेक्यांच्या भीतीपायी, हे रोजचंच होतं. पीजीआय हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते, पण न सांगता पर्स उघडून धरायची सवय मात्र झाली होती.

माझ्यापुढे एक उंच, चष्मेवाला तरुण शेजारच्या सरदारजींना रंगात येऊन सांगत होता, "सेना को कोई नहीं रोक सकता जी. ये साल भी सेना का ही है. पक्का."

आजूबाजूचे लोक लांब सरकले. हवालदार दोन ढांगांत त्याच्यापाशी आला.

"ओए, केहड़ी सेना?"

"जी... आयर्टन," तो म्हणाला. हवालदाराला ही नवीनच संघटना वाटली असावी. त्यानं बंदूक सरळ केली.

मला राहवेना. "साब, सेना आदमी का नाम है," मी म्हणाले. "ब्राझील का. रेस की गाडी चलाता है. इतनी खास भी नहीं चलाता."

हवालदार मिश्यांत हसला आणि त्यानं सोडून दिलं. पण ज्याची मान मी सोडवली, तो आभार मानायचं सोडून बसमध्ये माझ्यावरच घसरला.

"खास नहीं चलाता?" मग त्याला माझ्या पर्समधून डोकावणारं मराठी मासिक दिसलं. "तुम्ही मराठी? मी पण! जयंत. आता सांगा, खास नाही म्हणजे?"

"म्हणजे पाच वेळा जगज्जेत्या फँजिओपुढं तो किस झाड की पत्ती."

"गेल्या महिन्यात ब्राझीलला त्याचे गिअर गेले, माहीत आहे? शेवटी नुसत्या सहाव्या गिअरवर जिंकला. हात उचलत नव्हते त्याचे."

"आणि फँजिओ सत्तावन्न साली जर्मनीत, शेहेचाळिसाव्या वर्षी, पिटमध्ये वेळ घालवूनही दोन फेरारींना गाठून पुढं गेला. पट्टा नाही, काही नाही. अंगात साधा शर्ट."

तो माझ्याकडे बघतच राहिला. चष्म्याआडचे डोळे... बरे होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

हे सगळं मला येत होतं, कारण माझ्या आप्पांचं कोल्हापुरात गॅरेज. तरुणपणी ते मद्रासजवळ शोलावरमच्या रेसमध्ये उतरले होते आणि शेवटून दुसरे आले होते. गॅरेजात अंबाबाईच्या तसबिरीशेजारी फँजिओ. उदबत्ती दोघांत एकच.

मग रोज तीच बस. तो माझ्यासाठी खिडकीची जागा धरायचा आणि भांडण कालच्या वाक्यापासून पुढं सुरू व्हायचं. जन्म, शाळा, सगळं चंडीगडचं, त्यामुळे त्याचं मराठी म्हणजे खिचडी. "माझा स्कूटर," तो म्हणायचा. मी म्हणायची, "माझी स्कूटर." तो म्हणायचा, "आपली म्हण ना." मी लाल व्हायची आणि सेनाला नावं ठेवायची.

त्याच्या आई, सरोजकाकू, यांनी एकदा पुरणपोळीला बोलावलं. "स्कूटर दारात धूळ खातेय," त्या वाढता वाढता म्हणाल्या, "आणि याला अलीकडे बसचं वेड लागलंय. नोकरी पंचकुल्याला, पार दुसऱ्या टोकाला, आणि बस पकडतो पीजीआयची." जयंतला ठसका लागला. मला दुसरी पोळी गोड लागली, पहिलीपेक्षाही.

आणि अशात तो एके दिवशी बोलून गेला, "तुझ्या फँजिओच्या काळी रेसला होतं कोण? तेव्हा तर तुझे आप्पा पण जिंकले असते."

माझ्या आप्पांना? आठवडाभर मी मागच्या बसने गेले.

त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला. पेपरात रोज काहीतरी वाचून त्यांचा धीर सुटला होता. "नोकरी सोड, मीने. घरी ये." माझा जीव अडकला होता तो नोकरीत नव्हे, हे मला तेव्हा लख्ख कळलं. पण ज्याच्यात अडकला होता, त्याला काही वाटतंय का, हे कुठं माहीत होतं? मी त्याला स्टॉपवर गाठलं. थांब म्हणाला असता, तर थांबले असते.

"उद्या राजीनामा," मी म्हणाले. "ठरलं माझं."

त्याचा चेहरा उजळला. "खरंच? थँक गॉड. मी तर आठ दिवस हेच मागत होतो देवाकडे. मिठाई आणतो यार."

मिठाई! मी तशीच बसमध्ये चढले, आणि घरी जाऊन पोटभर रडले.

सकाळी अर्ज पर्समध्ये घालून निघाले. हॉस्पिटलसमोरच्या गोल चक्करपाशी आले, तर मागून फाटक्या सायलेन्सरचा आवाज. जयंत. स्कूटरवर. चक्कर मारत.

"मीनाक्षी! क्लच वायर तुटला! थांबता येत नाही!" आणि गेला पलीकडे.

पुन्हा आला. "आईला काल सांगितलं, तू राजीनामा करतेस. तिनं मराठीतला अर्थ सांगितला आणि लाटणं दाखवलं!"

पुन्हा आला. "आमच्याकडे राजीनामा म्हणजे समझौता! मला वाटलं, भांडण मिटलं!"

नाक्यावरचा तोच हवालदार आता इथं उभा होता. तोही बघू लागला. रिक्षावाले थांबले. मी मात्र गॅरेजवाल्याची लेक.

"ब्रेक दाब की!" मी ओरडले. "इंजिन बंद पडेल, बाकी काय होणार?"

"माहीत आहे!" तो पलीकडून ओरडला. मग समोर आला तेव्हा आवाज खाली गेला होता. "...थांबलो तर तुझ्या तोंडाकडे बघून बोलावं लागेल. चालत्या गाडीवर जमतंय. जाऊ नको."

"नुसतं जाऊ नको?"

आणखी एक चक्कर. मी वाट बघितली.

"प्रेम आहे माझा!"

"माझं," मी म्हणाले. "प्रेम माझं."

"तुझं पण?"

आणि त्यानं ब्रेक दाबला. स्कूटर आचके देत माझ्या पायांशी बंद पडली. हवालदार जवळ आला, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "चलो जी, कर लो राज़ीनामा. ट्रैफ़िक रुका है."

संध्याकाळी मी घरी फोन लावला.

"दिलास राजीनामा?" आप्पांनी विचारलं.

"दिला नाही, आप्पा. केला." आणि धीर करून सगळं सांगितलं.

"मुलगा आपल्यातला?"

"मराठी आहे. घरचे चांगले आहेत. पण..."

"पण काय?"

"सेनावाला आहे."

तिकडे खुर्ची करकरली. मग आप्पांचा खोल गेलेला आवाज आला.

"बाकी स्वभावानं बरा आहे ना?"