परत येणारा बाण

“ओकुदा, तुझ्या गणितात मी कितव्या वर्षी गायब होते?”

प्रश्न वाकाना मिझोगुचीला सुचलेला नव्हताच. बोटीच्या धक्क्यावर मैत्रिणींनी पैज लावली होती – विचारून दाखव, बेकरीतला गोड मेलनपाव आमच्याकडून. त्या आता शाळेतल्या विज्ञान मंडळाच्या खोलीच्या दाराआड खुसखुसत होत्या.

ओकुदाने खडू खाली ठेवला. फळ्यावर त्याने अख्खं बेट वयाच्या चौकटींत मांडलं होतं. दर पाच वर्षांनी माणसं पुढच्या चौकटीत सरकायची, काही मरून तर काही बेट सोडून गळायची. आणि पुढे बाळं किती जन्मतील, ते तरुण बायकांच्या चौकटींवर ठरायचं.

“अठराव्या, मिझोगुची,” तो म्हणाला. “तुम्ही सगळ्याच.”

इतकं शांतपणे की तिला रागच आला. खरं तर त्यात खोटं काय होतं? शाळा संपली की तिने ओसाकाला नर्सिंगला जायचं, मग आईबाबांनी टोफूचं दुकान विकून मागोमाग यायचं – घरात ठरलंच होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

तिने फळा पुन्हा निरखला. सगळे बाण बाहेर जाणारे... आत येणारा एकही नाही.

“माझी आई तिशीत परत आली. तिला कुठे बसवलंस?”

खिडकीवर पावसाची भुरभुर चालली होती. ओकुदा तिच्याकडे न बघता म्हणाला, “धरलं होतं मी तेही. एकजण परत येते, असं. पुढच्या पन्नास वर्षांच्या लोकसंख्येचा आलेख केसभरही हलला नाही. म्हणून पुसलं.”

“कोण एकजण?”

त्याचे कान लालबुंद झाले.

“आलेखाला फरक पडत नाही, वाकाना... मला पडतो.”

वर्गात सगळे एकमेकांना आडनावानेच हाक मारायचे. तिचं नाव त्याच्या तोंडी पहिल्यांदाच आलं होतं. दाराआडची खुसखुसही थांबली.

वाकानाने खडू उचलला आणि बाहेरून आत येणारा एक ठसठशीत बाण काढला. “आता पुसून तर बघ,” ती म्हणाली, आणि हसू लपवायला पाठ फिरवली.

संध्याकाळी दुकानात बाबा टोफूच्या वड्या पाण्यात सोडत होते, आई भांडी विसळत होती. तिने दोघांनाही थांबायला सांगितलं. आईने नळ बंद केला.

“मी ओसाकाला जाणार,” वाकाना म्हणाली. “शिकणार. आणि परत येणार – इथल्याच दवाखान्यात. दुकान विकायचं नाही.”