हिव वाजते, हवामानवाले

यवतमाळच्या दवाखान्यात रविवारी संध्याकाळी सत्यशीलानं तिचा हिरवा स्वेटर मागितला. मी रात्री घरी पांढरकवड्याला आलो आणि सोमवारी सकाळी तो घेऊन परतीच्या एसटीत बसलो. वाटेत तिच्या भावाचा, रवीचा फोन आला.

"भाऊजी, कुठपर्यंत आले?"

"मोहदा गेलं. येतोच."

तो म्हणाला, "आता घाई करू नका."

एवढंच बोलला. मला कळलं. गाडी चालत राहिली आणि स्वेटर माझ्या मांडीवर होता.

या स्वेटरमुळेच आमचं लग्न झालं.

बसस्थानकाजवळ माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मला हिवाळ्याचे अंदाज तपासायचा नाद. दुकानाबाहेर एक फळा टांगलेला. रेडिओ काय म्हणतो ते त्यावर लिहायचो, खाली माझा अंदाज, आणि दुसऱ्या दिवशी बाजूच्या निंबाच्या झाडाला लावलेलं थर्मामीटर पाहून पुढं 'बरोबर' किंवा 'चूक'. चूक असली तर चूकच लिहायचो. त्याचा मला अभिमान होता.

एक दिवस दुपारी एक मुलगी स्वेटर हातावर टाकून समोर उभी राहिली. कपाळावर घाम.

"हे तुम्हीच लिहिता काय?"

"हो."

"कडाक्याची थंडी म्हणे! सकाळपासून हे ओझं वागवून राह्यली मी. शिलाईच्या क्लासात पोरी हासतात मले."

"पण मी खाली 'चूक' लिहिलं ना..."

"बाप्पा! घाम आल्यावर लिहिलं. त्याच्या आधी लिहाव ना!"

शेजारचा चहावाला नेमसिंग एवढा हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. तीही हसली... आणि मी थर्मामीटरकडे पाहत राहिलो, कारण तिच्याकडे पाहायची हिंमत नव्हती.

मग ती रोज फळा वाचून जाऊ लागली. "ओ हवामानवाले, आज काय?" असं लांबूनच ओरडायची. धुकं असलं की आधी तो हिरवा रंग दिसायचा, मग ती. मी फळ्यावरचं अक्षर सुधारलं. नेमसिंग म्हणायचा, "भीमराजभाऊ, थंडीचं लिहिता, मनातलंबी लिहा ना एखाद्या दिवशी."

हिवाळा उतरणीला लागला तेव्हा ती एकदा हळू आवाजात बोलली.

"राजूरचं स्थळ आलं आहे. पोरगा खाणीत नोकरीले आहे. रविवारी घरचे जाऊन राह्यले. मी काय सांगू त्याहिले?"

मला म्हणायचं होतं, नको जाऊ देऊस. तोंडातून निघालं, "खात्री झाल्याशिवाय मी काही बोलत नाही."

तिनं फळ्याकडे बोट दाखवलं. "मंग फळ्यावरच बोला. रविवारी थंडी पडणार की नाही? पडली तर मी तुमच्याकून. नाही पडली तर राजूर."

रेडिओ ढगाळ म्हणत होता. मी त्याच्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं — रविवारी कडाक्याची थंडी.

रविवारी पहाटेपासून आभाळ भरलेलं होतं. हवा अशी कोंदट की पांघरूण नको वाटावं. थर्मामीटर मी दोनदा पुसून पाहिलं. मग खडू घेतला. नुसतं 'चू' लिहून झालं होतं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पुसा ते."

सत्यशीला उभी होती. हिरवा स्वेटर गळ्यापर्यंत बंद, वरून शाल, कानाला स्कार्फ. चेहरा घामानं चमकत होता.

"मले हिव वाजते, हवामानवाले."

"पण एकोणीस अंश..."

"तुमच्या थर्मामीटरले नसंल वाजत. मले वाजते. घरी सांगून आली मी."

नेमसिंग या वेळी हसला नाही. त्यानं गुपचूप दोन कप चहा ठेवला. मी 'चू' पुसलं आणि 'बरोबर' लिहिलं. त्या फळ्यावर मी लिहिलेलं ते एकच खोटं.

विहारात आमचं लग्न झालं. ती घरीच शिलाई करायची आणि मला शेवटपर्यंत हवामानवालेच म्हणायची. तिची इच्छा एकच होती. चिखलदऱ्याला थंडीत पहाटे गवतावरचं दव गोठतं, ते तिला हातात घेऊन पाहायचं होतं.

मी दर हिवाळ्यात अंदाज पाहायचो. म्हणायचो, "या आठवड्यात पक्कं नाही. पुढच्या आठवड्यात पाहू."

"अवो, नसंल गोठलं तर चहा पिऊन येऊ," ती म्हणायची. "त्यात काय बिघडते?"

काहीच बिघडलं नसतं. पण एवढ्या दूर नेऊन तिच्यासमोर माझा अंदाज चुकायला नको, असं मला वाटायचं. जी माझ्या चुकलेल्या अंदाजावरच माझ्याकडे आली, तिच्यासमोर!

यंदा मात्र मी फळ्यावर लिहिलं — सोमवारी पहाटे चिखलदऱ्यात दव गोठणार. तिनं ते वाचलं आणि माझ्या हातातला खडू काढून घेतला.

"आता बदलू नोका."

रविवारी सकाळी निघायचं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. शनिवारी तिला श्वास लागला, आणि आम्ही यवतमाळला गेलो.

फळा अजून तसाच आहे. नेमसिंगनं विचारलं, "पुसू काय, भाऊ?" मी नको म्हटलं. त्या पहाटे तिथं दव गोठलं होतं की नाही, हे मोबाइलवर सापडेल. मी शोधलं नाही. ते आम्हा दोघांना तिथं जाऊन पाहायचं होतं. त्या ओळीपुढं 'बरोबर' की 'चूक', हे लिहायचं राहिलं आहे.