बंद नळाचे ठोके

आंबागडच्या नळयोजनेवर लॉगर बसवायचं काम संघपालकडे आलं, तेव्हा त्याला बरंच वाटलं. गाव त्याचंच. बायको करुणा तापाने गेली, तेव्हापासून घराला कुलूप लावून तो भंडाऱ्यात खोली करून राहत होता. कामाच्या निमित्ताने तरी जाणं होईल.

लॉगर म्हणजे मुठीत मावणारी पेटी. मीटरमधून लिटरभर पाणी गेलं की एक ठोका पडतो; पेटी तो टिपते आणि मोबाइलवर पाठवते. काही घरांना त्याने ती जोडली. एक स्वतःच्या बंद घरालाही लावली. पाणी नसलं की पेटी शून्यच दाखवते ना, एवढं पाहायचं होतं.

दुसऱ्याच सकाळी तिथून ठोके आले.

"पेटी खराब असंल, बदलून टाक," सोबतचा धर्मेंद्र म्हणाला.

बदलली. तरी ठोके आले. मग संघपालने रस्त्याकडचा पाइप उकरून कापला आणि बूच मारलं. पाइपातून सुकी माती निघाली. मीटरचा आकडा जागचा हलला नव्हता.

ठोके येतच राहिले. थोडं पाणी, मग थांबा, मग सलग धार. पुन्हा थोडं, थांबा, धार.

करुणा असंच पाणी भरायची. आधी गुंड, म्हणजे पितळी घागर, विसळायची, राखेने घासायची, मगच नळाखाली धरायची.

"किती वेळ लावतेस?" तो म्हणायचा.

"घासल्याबिगर पाणी गोड नाही लागत," ती हसायची.

तो भल्या सकाळी गावी गेला. कुलूप काढून नळापाशी बसला. नळाच्या तोंडाला कोळ्याचं जाळं होतं. ऊन परसातल्या न्हाणीपर्यंत आलं. मोबाइलवर शून्य.

"करुणा, मी आहो न," तो हळूच म्हणाला.

काहीच झालं नाही. तो भंडाऱ्याला परतला आणि सकाळी ठोके आले. पुन्हा गेला, पुन्हा शून्य. तो असला की ती येत नव्हती.

त्याने गावी जाणं सोडलं.

"ती पेटी काढून आण ना," धर्मेंद्र म्हणाला.

"राहू दे."

रोज सकाळी चहा निवायचा, आणि संघपाल तिचा शेवटचा गुंड भरेपर्यंत मोबाइलकडे पाहत बसायचा. मग कामावर निघायचा. तेवढ्यावर दिवस निघत होते.

धान कापणीच्या दिवसांत एकदा शेवटच्या गुंडानंतरही धार थांबली नाही. भरभर, बेफिकीर. कुणी आंघोळ करावी तशी.

तेवढ्यात शेजारच्या देवकाबाईंचा फोन आला.

"संघपाल भाऊ, घरी राहाले आले अन् सांगतलं नाही?"

"मी भंडाऱ्यात आहो, मावशी."

"कायले थट्टा करता? आत्ता न्हाणीतून निघाले तुम्ही. म्या आवाज देल्ला, त पाहिलंही नाही."



देवकाबाईंनी आवाज खाली आणला. "अन् थे बाई कोण होती, भाऊ? पाठमोरी होती. तुमाले घरात घेतलं अन् आतून कडी लावली."