गोल खिडकीचं कव्हर

मिरजेच्या जुन्या बाजारात, सायकलच्या चेनी आणि पितळी नळांच्या गराड्यात पडलेली ती छोटी रेकॉर्ड दोघांनी एकाच वेळी उचलली. एक कोपरा सोनमच्या हातात, दुसरा एका उंच, चष्मेवाल्या मुलाच्या.

"मला नुसतं कव्हर पाहिजे," सोनम म्हणाली. "आतली तबकडी तुम्ही घ्या की."

"आणि मला दोन्ही पाहिजेत." त्यानं कोपरा सोडला नाही. "जोडी फोडू नये हो... पाप लागतं."

सोनमला हसू आलं, आणि हसताना हात सैल पडला. रेकॉर्ड त्याच्याकडे गेली. कव्हरचा चांगला फोटो काढून पाठवतो, असं म्हणून तिचा नंबरही त्याच्याकडे गेला.

त्याचं नाव ऋषिराज. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, एका माडीवर त्यानं गाणी रेकॉर्ड करायची खोली थाटली होती. सोनम सांगलीत, मार्केट यार्डाजवळच्या ऑफसेट प्रेसमध्ये डिझायनर. हळदीची पाकिटं, लोणच्याच्या बरण्यांची लेबलं, लग्नपत्रिका असलं काम. जुन्या कव्हरांवरची हातानं काढलेली अक्षरं तिला वेडं करायची.

मग तो दर आठवड्याला सांगलीला येऊ लागला. कृष्णेच्या घाटावर, वरून भुरभुर पाऊस असला तर छत्रीखाली, तो पिशवीतून एकेक छोटी रेकॉर्ड काढायचा आणि सांगत सुटायचा. सुरुवातीची कव्हरं म्हणजे साधी खाकी पाकिटं, मधोमध गोल खिडकी. खिडकीतून आतलं लेबल दिसायचं, बस. गडद लेबल, त्यावर चंदेरी बारीक अक्षरं. मग कंपन्यांनी पाकिटावर आपले रंगीत पट्टे छापले. मग सिनेमावाले आले, खिडकी बुजली आणि तिथं नायिकेचा चेहरा आला. चेहरा वाढत गेला, गाणाऱ्याचं नाव मागं कोपऱ्यात गेलं. सांगताना त्याचं बोट कव्हरच्या कडेवरून हळू फिरायचं, आणि सोनमचं लक्ष कव्हरवर कमी, त्या बोटावर जास्त असायचं. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि मग रेश्मा आली.

म्हणजे आधी तिचा आवाज आला. रेश्मा आटपाडीकडची, धनगराची पोर, मिरजेत नर्सिंग शिकत होती. होस्टेलच्या कार्यक्रमात ती आईकडून शिकलेली ओवी गायली, ती ऋषिराजनं ऐकली आणि ठरवलं, हिची छोटी रेकॉर्ड काढायची. खरीखुरी, काळी, दोन बाजूंची. कव्हर अर्थातच सोनमनं करायचं.

सोनमला आनंद झाला... फोटो बघेपर्यंत. ऋषिराज रेश्माच्या गावी जाऊन फोटो काढून आला होता. माळावर रेश्मा, बाभळीखाली रेश्मा, घोंगडं खांद्यावर टाकून रेश्मा.

"डोळे बघ," तो म्हणाला. "कव्हरवर हेच डोळे पाहिजेत."

सोनमनं बघितले. डोळे सुंदर होते, तेच तर दुखणं. त्यानंतर तो पुन्हा दोनदा आटपाडीला गेला. आला की रेश्माची आई कशी चुलीवर भाकरी थापते, रेश्मा कशी एका दमात सूर लावते... सोनम चहाच्या कपात बघत हूं हूं करायची. रात्री फोटो उघडून ती त्या चेहऱ्यात खोड शोधायची. सापडायची नाही. मग स्वतःचाच राग यायचा, आणि त्याचा त्याहून जास्त.

शेवटी तिनं डिझाइन केलं. खाकी कागद, मधोमध गोल खिडकी, खिडकीतून दिसणारं हळदी रंगाचं लेबल, त्यावर रेश्माचं नाव. फोटो नाही. कुठंच नाही. आणि ऋषिराजचंच भाषण तिनं त्याला ऐकवलं. चेहरे आले आणि गाणं मागं पडलं, तूच म्हणतोस ना, मग आवाजच पुढं येऊ दे.

स्क्रीनकडे बघत तो म्हणाला, की हे त्याला सुचलंच नसतं. सोनमसारखी नजर कुणाकडे नाही. ज्या कौतुकाची ती महिनोन्‌महिने वाट बघत होती ते असं पदरात पडलं, आणि तिला ते आंबट लागलं.

नमुना दाखवायला ऋषिराज रेश्माला प्रेसमध्ये घेऊन आला, बरोबर तिची आई, हरणाबाई. रेश्मानं कव्हर हातात घेतलं, छान आहे ताई म्हणाली, पण क्षणभर थांबून म्हणाली. हरणाबाईंनी मात्र ते उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीतून बोट घालून बघितलं.

"ह्यात माजी पोर कुटं हाय?"

सोनमनं लेबलावरचं नाव दाखवलं. हे काय, इथं लिहिलंय, रेश्मा.

"आमाला वाचाय येत न्हाई, बाई," हरणाबाई म्हणाल्या. रागानं नाही, साध्याच. "त्वांड असतं तर वळाकलं असतं. गावात दाखीवलं असतं, ही बगा माजी लेक."

मायलेकी गेल्या. मशीन दुपारच्या सुट्टीत बंद होतं. ऋषिराज समजूत घालू लागला, की डिझाइन उत्तमच आहे, आईला आपण समजावू. सोनमला ते सहन होईना.

"नको समजावूस," ती म्हणाली. "आवाजबिवाज काही नव्हतं त्यात. तिचा चेहरा मला तुझ्या हातात नको होता... म्हणून काढून टाकला."

तिनं मान खाली घातली. हा माणूस आता जाणार, आणि गेला तर त्याचं काही चुकणार नाही, असं तिला वाटलं.

"म्हणजे मला मूर्ख बनवलंस," तो म्हणाला. आवाजात राग होता. मग तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "एक खरं तुलाही सांगतो. पहिल्यांदा ऐकली तेव्हा रेश्मा मला आवडली होती. चांगले आठ-दहा दिवस."

सोनमनं मान वर केली. "मग?"

"मग काही नाही. आटपाडीहून एसटीत बसलो की सोनमला हे सांगू, ते सांगू, एवढंच डोक्यात. तिथं असतानासुद्धा इथं येऊन तुला काय सांगायचं, तेच मी जमवत होतो." चष्मा काढून तो उगाच पुसत राहिला. "घाटावर तुझ्याशेजारी बसायला मिळावं म्हणून घरातली निम्मी कव्हरं दोनदा दाखवलीत मी तुला. कळलं नाही?"

"कळलं होतं," सोनम म्हणाली. "मला वाटलं विसरतोस."

खिडकी बुजली. नवं कव्हर सोनमनं स्वतः बसून केलं. रेश्माचा चेहरा कडेपासून कडेपर्यंत, डोळे अगदी जिवंत, आणि नाव मागं न ढकलता हनुवटीखाली, हातानं काढलेल्या ठसठशीत अक्षरांत. हरणाबाईंना फोनवर चित्र पाठवलं, तर त्यांनी ते वस्तीवर घरोघर दाखवलं, असं रेश्मा सांगत होती.

छपाईच्या दिवशी मशीन सुरू झालं आणि एकामागून एक रेश्मा बाहेर पडू लागली. ओल्या शाईच्या, चमकत्या, शेकड्यांनी. ऋषिराज शेजारी उभा होता. सोनमनं तिरप्या नजरेनं त्याला पकडलं.

"लय बघू नकोस तिकडं."

"छपाई बघतोय."

"डोळे बघतोयस."

"बरं. मग कुठं बघू?"

तिनं नुसता त्याचा हात धरला, शाईनं काळ्या झालेल्या बोटांनी, चांगला घट्ट. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर डाग पडला, आणि मशीन थांबेपर्यंत त्यानं हात हलवला नाही.